अर्जवाले नाना आणि माझा प्रबंध

नाना बोलायचे एका मराठीत आणि लिहायचे दुसऱ्याच मराठीत. "काय झालं गं बाय, आदी बस, पानी पी," असं म्हणणाऱ्या या माणसाचं पेन कागदाला टेकलं की "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की" असं वळणदार अक्षर उतरायला लागायचं. मधे कुठे खाडाखोड नाही. कर्जतच्या मामलेदार कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली त्यांची बसकण होती. समोर उतरतं लाकडी मेज, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं. सरकारी परवान्यावर त्यांचा हुद्दा अर्जनवीस असा होता. सगळा तालुका त्यांना अर्जवाले नाना म्हणायचा.

समोरच्याचं सगळं बोलून होईपर्यंत ते पेनाचं टोपण काढत नसत. माणूस रडून, चिडून, शिव्या देऊन मोकळा झाला की मग विचारायचे, "आता सांग, देनारा कोन? आनि त्याच्या हातात काय हाय?" एकदा वाडीवरची एक बाई आली. तलाठ्यानं तिचं नाव उताऱ्यावरून उडवलं होतं, त्याला नोकरीवरून काढा असा अर्ज तिला हवा होता. नाना म्हणाले, "मामलेदाराला तलाठी काडता येत नाय. पन उतारा मागवून नाव परत घालता येतं. तेवडंच मागू." बाईला ते फारसं आवडलं नाही. महिन्याभरानं मात्र ती भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आली, तेव्हा मी तिथेच बसले होते.

मी तिथे पोचले ती मोडी लिपीमुळे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कर्जतला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे मजूर होते. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. पुढे मी इतिहासात एम.ए. झाले आणि पीएच.डी. करायची असं ठरवलं. विषयही मनाशी पक्का होता : रेल्वे येण्याआधी पायथ्याच्या खोपोलीपासून घाट चढून ओझी नेणारी माणसं. आबांचे आजोबा त्यांतले एक, एवढंच घरात माहीत होतं.

विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मोडी येते?" नव्हती येत. मग त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. नोंदणी आत्ता तात्पुरती होईल. सहा महिन्यांत मोडीची चाचणी उत्तीर्ण व्हायला हवं, मग ती कायम होईल. ती कायम झाल्याशिवाय कुठल्याही शिष्यवृत्तीला अर्ज करता येणार नाही, आणि शिष्यवृत्तीशिवाय चार वर्षं कशी काढणार ते मी पाहावं. घरी येऊन हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्जवाल्या नानांना जुनं लिवलेलं वाचता येतं. त्यांना विचार."

नानांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओझंवाल्यांचा इतिहास? कोन वाचनार गं तो?"

"निदान परीक्षक तरी वाचतील."

"म्हंजे दोगं तरी झाले. बरं हाय. रविवारी कशेळ्याला ये, घरी."

कशेळ्याच्या त्यांच्या घरी पहिल्या रविवारी काकूंनी मला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. तो कप वेगळा ठेवलेला असतो हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी मुकाट्यानं हात पुढे केला. नानांनी तो कप मधल्या मधे उचलला, स्वतःचा माझ्यापुढे सरकवला आणि मोडीचा पहिला धडा सुरू केला. काकूंकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुढच्या रविवारी तो कप कुठे दिसला नाही. श्रावण येईतो काकू मला जेवल्याशिवाय सोडेनाशा झाल्या.

नानांची मोडी ऐन तरुणपणी एका जुन्या कारकुनाच्या हाताखाली घटवलेली होती. अक्षरं पाठ करून घेण्यावर त्यांचा भर नव्हता. ते कागद उजेडाला धरून म्हणायचे, "हितं बघ, हितं बोरू परत बुडवलाय, शाई दाट झाली. हितं लिवनाऱ्याला घाई हाय. हितं त्याला कुनीतरी हाक मारली बग, ओळ वाकडी झाली." सुरुवातीला मला ते काळ्या दोऱ्याचं गुंतवळ वाटायचं. तिसऱ्या महिन्यात एका जुन्या पावतीवरचं एक नाव मी कुणाच्या मदतीशिवाय वाचलं, आणि मोठ्यांदा ओरडले. नाना म्हणाले, "हळू. तो मानूस मेलेला हाय, दचकंल."

मोडीची चाचणी पार पडली, नोंदणी कायम झाली. खरी अडचण त्यानंतर आली. केंद्राची जी शिष्यवृत्ती आमच्यासारख्यांसाठी होती, तिच्या नियमांत धर्मांतर केलेले बौद्ध बसत नव्हते. विद्यापीठाच्या कचेरीतल्या कारकुनानं माझ्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जात इथं आहेच. धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा. बरेच जण लिहितात. कोण बघतंय?"

मी तो फॉर्म घरी आणला. आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो रकाना पाहिला आणि फॉर्म परत दिला. "लिवायचं तर लिव. तू शिकलेली हाईस. पन मग त्याच्यावर बापाचं नाव नको लावू." मी त्या दिवशी आबांशी भांडले. तुमच्या हट्टापायी माझं शिक्षण जाणार, असंही बोलले. ते शब्द मला आजही टोचतात. आबा डबा घेऊन कामावर निघून गेले.

मी तडक नानांकडे गेले. धर्मांतराचा उल्लेख टाळून जुनाच दाखला ग्राह्य धरावा, असा अर्ज मला त्यांच्याकडून लिहून हवा होता. त्यांनी नेहमीसारखं सगळं ऐकलं. मग म्हणाले, "हा अर्ज मी लिवनार नाय."

"तुम्हीपण आबांसारखंच बोलणार?"

"तुझ्या आबाचं मला नाय म्हाईत. मी माझं सांगतो. मी लोकांचं म्हननं लिवतो. हे तुझं म्हननं नाय पोरी, त्या कारकुनाचं हाय." मी उठायला लागले तर म्हणाले, "बस. रडायचं तर रड. पन ते नियमाचं पुस्तक हाय ना तुझ्याकडं? ते सगळं वाचून दाकव मला. एक ओळ सोडू नको."

पुस्तक इंग्रजीत होतं. दोन रविवार मी एकेक नियम वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगत होते आणि नाना डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, म्हातारा झोपला. तेवढ्यात ते म्हणाले, "हे परत वाच." विभागाची स्वतःची एक पाठ्यवृत्ती होती, दोन वर्षांची. तिच्या अर्जात धर्माचा रकानाच नव्हता. अप्रकाशित मोडी कागदांवर काम करणाऱ्याला पसंती द्यावी, असं त्यात चक्क लिहिलं होतं. मी तो नियम आधी दोनदा वाचला होता, पण शेवटच्या पानावरचं बारीक छपाईतलं काही आपल्यासाठी असेल असं मला वाटलंच नव्हतं. शुल्काचंही त्यांनीच सुचवलं. राज्य सरकारची फी-माफी बौद्धांना लागू होती. शाळकरी मुलांसाठी तसले अर्ज त्यांनी ढिगानं लिहिले होते. "शाळेच्या फीला चालतं तर ह्या फीला का नाय? इचारू तर खरं."

विभागप्रमुखांना द्यायचा अर्ज मी लिहून नेला, दोन पानी. त्यात आबांचा पगार होता, घराची गळकी कौलं होती, माझी जिद्द होती. नानांनी त्यावर उभी रेघ मारली. "ह्या सायबाला तुझी गरिबी घालवता येत नाय. येत्या बैठकीत तुझा कागद ठेवता येतो. तेवडंच माग." पाच ओळींचा अर्ज झाला. खाली कागदांची यादी, अनुक्रमानं. कागद बैठकीत ठेवला गेला आणि पाठ्यवृत्ती मला मिळाली. घरी सांगितलं तेव्हा आबा बाहेर गेले आणि पावशेर जिलबी घेऊन आले. त्यांनी पुडी आधी माझ्या हातात दिली. आमचं भांडण तिथे संपलं.

पण नानांचं सर्वांत मोठं ऋण याच्या पुढचं आहे. दोन वर्षं मी दप्तरखान्यात कागद चाळले. ओझेवाल्यांची नावं सापडली, दर सापडले, कुणी किती खेपा केल्या ते सापडलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून मी नानांना वाचून दाखवायला गेले. त्यांच्या डोळ्यांवर तोवर सारा येऊन दिसेनासं झालं होतं, परवाना त्यांच्या मुलानं परत केला होता, आणि ते ओटीवर बसून असायचे. त्या प्रकरणात मी लिहिलं होतं, की या लोकांनी आपल्या स्थितीबद्दल कधी तक्रार केल्याचं दिसत नाही.

नाना ताठ झाले. "कुनी सांगितलं?"

"तक्रारीचा एकही कागद नाही, नाना. मी सगळं पाहिलंय."

"कागद नाय म्हंजे तक्रार नाय? अगं, माझ्यासमोर दिवसाला धा मानसं बोंब मारून जायची, त्यातल्या दोगांचा अर्ज व्हायचा. बाकीच्यांनी काय तक्रार केली नाय?" मग म्हणाले, "आनि त्यांच्या नावानं शोधू नको. गरिबाचा कागद एकटा जात नाय. दुसऱ्या कुना मोठ्याच्या अर्जाच्या मागं जोडलेला असंल. तितं बघ."

पाठ्यवृत्ती त्याच महिन्यात संपत होती. प्रबंध आहे तसा दिला असता तर पदवी मिळाली असती. सरही म्हणाले, फार ताणू नका. मी मुदतवाढ मागितली. एक वर्ष मिळालं, बिनपैशांचं. खालापूरच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवायला लागले, आणि सुट्टीच्या दिवशी दप्तरखान्यात व्यापाऱ्यांच्या तक्रारी बांधून ठेवलेले कापडी रुमाल उलगडून बसले. आठ महिने काही हाती आलं नाही. नानांवर मनातून चिडलेही. मग एका रुमालात घाटपायथ्याच्या एका व्यापाऱ्याचा अर्ज निघाला : माल वर वेळेवर पोचत नाही. त्याच्या मागे दुसरा एक कागद टाचलेला होता. चौदा ओझेवाल्यांची नावं, प्रत्येकापुढे निशाणी. पावसात आम्हाला दरीकडच्या वाटेनं चढवतात, दोघे घसरून गेले, पावसाळ्यापुरतं तरी वरच्या वाटेनं जाऊ द्यावं.

त्या चौदांत माझे पूर्वज होते की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

नक्कल घेऊन मी कशेळ्याला गेले. नानांनी ती तीनदा वाचायला लावली. मग समाधानानं मान हलवत म्हणाले, "लिवनारा हुशार हाय. जेवडं देता येतं तेवडंच मागितलंय."

शेवटचं प्रकरण मी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकीचं बाजूला ठेवून एवढंच विचारलं, "हा कागद व्यापाऱ्याच्या अर्जामागे शोधायचं तुम्हाला सुचलं कसं?" मी सांगितलं, कर्जतच्या मामलेदार कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्जनविसांनी सांगितलं. परीक्षकांनी नाव विचारलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं.

पुढे मला मराठवाड्यात एका कॉलेजात नोकरी लागली. तिथेच मी निवृत्त झाले. पीएच.डी.ची मुलं यायला लागली तेव्हा मी एक रीत ठेवली : पहिल्या दिवशी विषय बोलायचा नाही, शेजारी बसून नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. एक-दोघं त्याला कंटाळली. पण त्यानं काहींची वर्षं वाचली, हे मी पाहिलं आहे. नाना गेल्याचं मला काकूंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या कार्डावरून कळलं, आणि तेही उशिरा.

आमची शेवटची भेट नोकरीवर निघायच्या आदल्या दिवशीची. नाना हट्टानं काठी टेकत कशेळ्याच्या स्टँडपर्यंत आले. त्यांना तेव्हा फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. "तितं पोरं येतील तुझ्याकडं," ते म्हणाले, "फारम समजत नाय म्हनतील. रागवू नको. ज्यानं तो छापला त्यालाबी समजलेला नसतो." मी पाया पडले. कर्जतची गाडी लागली तशी चढून खिडकीशी बसले.

शेजारी मुरबाडची गाडी उभी होती. गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला तसे नाना त्या गाडीकडे तोंड करून हात हलवायला लागले. मी हाक मारली, पण इंजिनाच्या घरघरीत ती त्यांना ऐकू गेली नाही. मुरबाडच्या गाडीतली माणसं मात्र त्यांना ओळखत होती. एकेक करून त्या सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आले, आणि त्यांतच मी आहे असं समजून नाना हसत हसत, टोपी सावरत, त्या सगळ्यांना निरोप देत राहिले.