कौतुक केलं की वाक्य गेलं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका क्रूर लेखक अख्ख्या बिबवेवाडीत झाला नाही. बाकीचे लेखक वाचकांना छळतात, काका स्वतःच्या वाक्यांना छळायचे. हडपसरच्या एका कारखान्यात तीस वर्षं तयार माल तपासून नापास करायची नोकरी केलेली. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, म्हणून वाचनालयाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी 'कथेचा शेवट' या विषयावर लेख लिहायला घेतला. पहिला खर्डा साठ पानांचा. संपादक बाई म्हणाल्या, "अहो, आपली स्मरणिकाच चाळीस पानांची असते." काका म्हणाले, "मग ती वाढवा."

पण लेख कापायला बाईंची गरजच पडली नाही. काकांची पद्धतच अशी, की लेख मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ऐकणाऱ्याने "वा!" म्हटलं की ते वाक्य तिथल्या तिथे लाल पेनाने उडवायचं. "टाळी घेणारं वाक्य नुसतं मिरवतं, काम करत नाही," म्हणायचे. ऐकायला कोणीही चालायचं. आमच्या सिंकखाली डोकं घालून बसलेला प्लंबर "लई भारी, काका" म्हणाला आणि ग्रामीण कथेवरचा अख्खा परिच्छेद गेला. बिचाऱ्याला आपण काय करून बसलो ते कळलंही नाही. माझ्या बायकोने चहा देताना सहज मान डोलावली, तर दीड पान धारातीर्थी पडलं! मी वैतागून विचारलं, "अहो काका, मग चांगलं वाक्य ठेवायचंच नाही का?"

"ठेवायचं ना. फक्त ते चांगलं आहे असा कुणाला संशय येता कामा नये."

या कापाकापीत दोन स्मरणिका काकांविना निघाल्या. साठाची तीन पानं उरली. यंदा लेख आला नाही तर विषय कायमचा बंद, असं बाईंनी बजावलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी काका शेवटचा परिच्छेद घेऊन आले. खुर्चीत बसले आणि वाचू लागले, "माझी बायको गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची. माणसं सुखरूप आहेत ना, ते बघून मग सुरुवात करायची. मी तिला हसायचो. ती गेल्यापासून मीही तसंच वाचतो."

काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात या माणसाने आमच्यापाशी एकदाही त्यांचा विषय काढला नव्हता. माझ्या ओठांवर "वा!" आलंच होतं. पण काकांच्या हातात लाल पेन उघडंच होतं. मी उगाच चष्मा पुसला आणि म्हणालो, "ठीक आहे. चालून जाईल."

"एवढंच?"

"एवढंच."

काकांचा चेहरा उतरला. "बरं, मग राहू दे," म्हणाले, पेनाला टोपण लावलं आणि जिना चढून गेले.

स्मरणिका हातात आली, त्याच्या आठवडाभर आधी काका झोपेतच गेले. तो परिच्छेद शब्दन्‌शब्द छापून आलाय. लोक आवर्जून थांबवून सांगतात, फार सुंदर लिहिलंय हो. मी मान हलवतो. परिच्छेद मी वाचवला खरा, पण तो मला आवडला नाही असंच समजून काका गेले, याचं फार वाईट वाटतं.