वंगणमामा आणि जावयाची विंच

वंगणमामांची जगाबद्दल एकच तक्रार होती: जग फार कोरडं चालतं. दार कुरकुरलं, लावा ग्रीस. पंखा कण्हला, लावा ग्रीस. एकदा बायको गुडघे दुखतात म्हणाली, तेव्हा मामांची नजर ग्रीसच्या डब्याकडे वळलेली तिने पाहिली आणि त्या दिवसापासून तिने स्वतःच्या दुखण्याचा विषय घरात काढला नाही. गल्लीने त्यांना वंगणमामा म्हणायला सुरुवात केली ती थट्टेने, पण मामांना ती पदवी वाटली.

घराच्या तळमजल्यावरच त्यांचं गॅरेज होतं. एक शटर, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, आणि भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. त्या आकृत्यांवर भलतेच पाने लटकत, हा भाग वेगळा. गाडीला काय झालंय हे सांगायची गिऱ्हाइकाला मुभा नव्हती. कुणी "मामा, जरा आवाज येतोय," म्हणालं की मामा हात वर करत. "तुम्ही फक्त चालवता. आजार मी सांगतो." मग तो आजार गाडीला असो वा नसो, औषध ठरलेलं असे. 'मला माहीत नाही' हे शब्द मामांच्या तोंडून घरात किंवा गल्लीत कुणी कधी ऐकले नव्हते.

अशा माणसाला जावई मिळाला तो विमा कंपनीतला. आठवडाभर लोकांच्या धोक्यांचा हिशेब मांडायचा आणि सुट्टीच्या दिवशी तोच धोका हौसेने ओढवून घ्यायचा, असा त्याचा शिरस्ता. चांगला डांबरी रस्ता सोडून जीप मुद्दाम चिखलात घालायची, ती रुतली की आनंदाने आरोळ्या ठोकायच्या आणि मग विंचने तिला बाहेर ओढून एकमेकांच्या पाठी थोपटायच्या, याला ती मंडळी छंद म्हणत. विंच म्हणजे जीपच्या नाकावर बसवलेला मोटरवरचा रहाट. त्याचा तारेचा दोर समोरच्या झाडाला किंवा खडकाला बांधायचा आणि बटण दाबायचं, की जीप स्वतःलाच ओढत वर चढते.

"आधी पडायचं आणि मग उठून दाखवायचं," मामा म्हणत. "लहान मुलं हे फुकटात करतात."

पण बोलण्यात पूर्वीची धार राहिली नव्हती, कारण लग्नानंतर लेकीलाही चिखलाची गोडी लागली होती. जीप चढावर ओढली जात असताना स्टिअरिंगवर तीच बसे. मामांचा सगळा जीव त्या एका पोरीत होता. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एका नदीत डुंबून आल्यावर विंच जाम झाली आणि जावई ती घेऊन आला. "मामा, पाणी शिरलंय बहुतेक. म्हटलं, विंचच्या कंपनीच्या माणसाला दाखवावं का?"

"दाखवा की," मामा म्हणाले. "कंपनीच्या माणसाला टाय असतो. पाणी घाबरून आपोआप बाहेर येईल."

विंच गॅरेजमध्येच राहिली हे सांगायला नको.

मामांनी ती उघडली. गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस पाणी पिऊन दुधाळ चहासारखं झालं होतं. ते खरवडून त्यांनी एकेक दाता रॉकेलने धुतला. मोटरचे कार्बन ब्रश काढून साफ केले, वायरींची टोकं पॉलिश पेपरने घासली, जाड हातमोजे घालून सगळा दोर तपासला. हातात कसब होतं, यात वादच नाही. मग दोर ज्यावर गुंडाळला जातो त्या ड्रमच्या पोटात त्यांना एक भाग दिसला, अगदी कोरडा ठणठणीत. तो ब्रेक होता. ओढणं थांबलं की वजनाने ड्रम उलटा फिरू नये म्हणून तो घट्ट धरून ठेवतो आणि त्यासाठी त्याला कोरडंच राहावं लागतं. मामांना मात्र त्याचा फक्त कोरडेपणा दिसला. एवढी वर्षं बिचाऱ्याकडे कुणी पाहिलंच नाही, असं मनात म्हणत त्यांनी त्याला माखून काढलं.

शनिवारी गल्लीत चाचणी झाली. गल्ली सपाट, त्यामुळे ओढण्याचीच परीक्षा झाली, धरून ठेवण्याची नाही. विंच चकार शब्द न काढता फिरली. जावई म्हणाला, "मामा, कमाल केलीत." मामांनी ही बाब आपल्याला आधीपासून ठाऊक असल्यासारखी मान हलवली.

रविवारी सकाळी लेक आणि जावई मित्रांबरोबर गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीकडे गेले. इकडे गॅरेजात शेजारचा शिंपी स्कूटर ढकलत आला. कोपर खरचटलं होतं.

"मामा, ब्रेकच लागत नाही. कालपर्यंत नुसता करकरत होता, म्हणून मशीनचं तेल सोडलं दोन थेंब."

मामा खुलले. असं गिऱ्हाईक नशिबानेच मिळतं. "वा! ब्रेकला तेल? अहो शहाणे, ब्रेकचं कामच मुळी घासून धरणं. त्याला गुळगुळीत केलात तर तो धरणार काय, तुमची इज्जत? ब्रेकला कधी कुणी ग्री..."

शब्द तिथेच अडला. शिंप्याला वाटलं, मामांना ठसका लागला. मामा मात्र पांढरेफटक पडले होते.

लेकीचा फोन लागेना. जावयाचा फोन लावण्यापर्यंत मामा खाली उतरले, तोही लागेना. शेवटी हात न पुसताच त्यांनी आपली मोटरसायकल काढली आणि आयुष्यभर इतरांना जपून चालवा म्हणणारा हा माणूस खाणीपर्यंत खड्डे न बघता गेला.

जीप चढाच्या निम्म्यावर चिखलात रुतून उभी होती. दोर वरच्या खडकाला बांधून झाला होता. चढ ओल्या मातीचा, जिथे गाडीच्या स्वतःच्या ब्रेकचा काडीचा उपयोग नाही, आणि खाली खाणीचं तोंड. लेक दार उघडून स्टिअरिंगवर बसत होती, जावई बाजूला बटण हातात घेऊन उभा होता.

"थांबा!" मामा ओरडले. "पाऊस येईल."

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं.

"आईला बरं नाही," मामा म्हणाले.

"आत्ताच बोलले मी आईशी, नेटवर्क होतं तेव्हा," लेक आतून म्हणाली. "मजेत आहे ती."

एक मित्र म्हणाला, "मामा, घाबरताय काय? विंच तुम्हीच केलीय ना!" आणि सगळे कौतुकाने हसले. ते कौतुक मामांना त्या क्षणी चपलेसारखं लागलं. जावयाचा अंगठा बटणावर गेला.

"ब्रेकला ग्रीस लावलंय मी!" मामा बेंबीच्या देठापासून ओरडले. "विंचच्या ब्रेकला! धरणार नाही ती! उतर खाली!"

अंगठा बटणावरून उचलला गेला. कुणीतरी फस्सकन हसलं आणि ते हसू साथीसारखं पसरलं. जावई हसला नाही. त्याने आधी चाकांमागे दगड लावले आणि बायकोला हात धरून खाली घेतलं.

लेक चिखल तुडवत बापासमोर आली. "बाबा, मग काल का नाही सांगितलंत?"

मामा दोष ढकलायला कुणीतरी शोधत राहिले. कंपनी, नदी, शिंपी, कुणीच उपयोगाचं नव्हतं.

"काल मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

खाणीच्या तोंडावर बसताना जिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता, ती पोर आता घाबरली. तिने बापाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि हळूच विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"