डब्यांची आंघोळ

"फ्रीजर बाहेर कुणी काढला?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"फ्रीजरला. तो म्हणाला, कंटाळा आलाय इथे, काढ बाई मला बाहेर."

"ताई, थट्टा पुरे! दुपारी कॉफीवाला येतोय गाडी बघायला. त्याला हीच खिडकी हवी होती, हीच पट्ट्यापट्ट्यांची कनात, हाच फ्रीजर. गाडी होती तश्शी हवी होती. आणि तू तिची आतडी काढून अंगणात मांडलीस?"

"मला गाडी विकायचीच नाही. किती वेळा सांगू?"

"आणि मी किती वेळा सांगू? बाबांच्या आइस्क्रीमच्या गाडीत कचऱ्याचे डबे धुतलेले मला चालणार नाहीत. कचऱ्याचे! अगं, पोरं रांग लावायची या गाडीपुढे. आता माश्या लावतील."

"अर्धी गाडी माझी आहे."

"अर्धी माझीपण आहे."

"मग तुझी अर्धी विक ना. पुढची चाकं घेऊन जा."

भांडण गाडीच्या पोटात चाललं होतं. ताई सरळ उभी होती आणि भाऊ वाकून, कारण सरळ झाला की छप्पर डोक्याला लागायचं. त्याला घरात अजून बारक्याच म्हणत. वेल्डिंगच्या दुकानातून तो तसाच उठून आला होता, काळा चष्मा कपाळावर, जाड हातमोजे खिशात कोंबलेले. ताई त्याच्याहून थोरली, अंगाने चिमणीएवढी, आणि तिच्या डोळ्यांत नेहमी असं काहीतरी असायचं की जणू समोरच्या माणसाच्या मागे कुणीतरी उभं आहे आणि ती त्याच्याकडे बघते आहे. लहानपणी नळाखाली भांडं लावून ती पाण्याकडे बघत बसायची आणि मोरीचं तळं व्हायचं. तेव्हापासून बारक्या तिला तंद्रीबाई म्हणायचा. प्रेमाने, आणि रागावला की जास्तच.

या कामाची कल्पनाही तिला अशीच तंद्रीत सुचली होती. ती ज्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची ती बंद पडली, आणि सकाळी जायला कुठलीच जागा उरली नाही, तेव्हा ती खिडकीत बसून गल्ली बघायची. गल्लीत दारोदारी चाकांचे हिरवे डबे. लोक झाकण दोन बोटांनी उचलायचे, मान फिरवायचे, पिशवी टाकायचे आणि पळायचे. कचऱ्याचा ट्रक यायचा, डबे उपडे करायचा, जायचा. पिशव्या जायच्या, वास मागे राहायचा. ताईला त्या डब्यांची दया यायला लागली. अख्ख्या घराची घाण पोटात घेऊन हे मुकाट उभे, आणि यांना आंघोळ कोण घालणार? मग तिला ती दिसायलाच लागली, डब्यांची आंघोळ. पांढरी वाफ, पाण्याचं कारंजं, आणि आतून चमचमत बाहेर आलेले डबे, शाळेच्या पहिल्या दिवशी भांग पाडून उभ्या केलेल्या मुलांसारखे.

स्वप्न बघण्यात ती पटाईत होती, पण हे स्वप्न घेऊन ती दुकानात गेली, हे नवलच. पंपवाल्याने तिच्यापुढे लालभडक पंप ठेवला. "हा घ्या. भिंतीचा रंग उडवतो."

"मला भिंतीचा रंग नाही उडवायचा. डब्यांना आंघोळ घालायचीय."

"मग तर हाच घ्या. सालटंच काढेल."

"तुम्ही तुमच्या पोराला असंच घालता का हो न्हाऊ?"

पंपवाल्याने तिच्याकडे निरखून पाहिलं, कुणी गंमत करतंय की काय म्हणून. मग मागच्या कपाटातून त्याने दुसरा काढला, जोर कमी पण धार भरपूर. तिने तो मांडीवर घेऊन घरी आणला, बाळासारखा.

हळूहळू गाडी भरत गेली. मधोमध, पुढच्या-मागच्या चाकांच्या दरम्यान, स्वच्छ पाण्याची टाकी, म्हणजे पाणी भरल्यावर गाडी मागे बसायला नको. तिच्या शेजारी घाण पाण्याची टाकी, स्वच्छ पाण्याच्या टाकीहून थोडी मोठी, कारण डब्यात गेलेलं पाणी येताना कचऱ्यातला रस्साही सोबत घेऊन येतं. पाणी तापवायला गॅसचा बर्नर. डबा उपडा ठेवायला स्टीलची परात, बाबांच्या फ्रीजरचा तळ कापून केलेली. परातीच्या मधून वर आलेला फिरता फवारा. आणि मागच्या दाराशी भंगारातून आणलेली उचलणी: दांडा दाबला की डबा चाकांवरून अलगद वर यायचा आणि परातीवर उपडा व्हायचा.

"हे कुणी जोडलंय?" भांडता भांडताच बारक्याची नजर उचलणीच्या सांध्यावर गेली.

"नाक्यावरच्या वेल्डरने."

"जोडलंय की शिवलंय?"

"तुला सांगितलं होतं कर म्हणून. तू म्हणालास, माझा हात लागणार नाही या पापाला."

"लागणार नाहीच." असं म्हणत त्याने पाइपची सैल पकड दोन बोटांनी चाचपली, खिशातून पाना काढला, आवळली, आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने पाना परत ठेवला.

ताईने ते पाहिलं. मग म्हणाली, "ऐक. पैज लावू. आत्ता एक डबा धुते. तुझ्यासमोर. वास गेला, तर गाडी माझी, आणि कॉफीवाल्याला तू सांगायचंस. वास राहिला, तर गाडी त्याची. मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"वास गेला की राहिला, ठरवणार कोण?"

"शेजारच्या काकू."

यावर दोघंही क्षणभर हसली, कारण शेजारच्या काकूंचं नाक गल्लीत गाजलेलं होतं. कुणाच्या घरचं दूध उतू जाणार, हे त्यांना ते उतू जायच्या आधी कळायचं.

काकू आल्या त्या स्वतःचाच डबा ढकलत. "घे. माझ्याच डब्याला न्हाऊ घाल. परवा अख्खी दह्याची बरणी फुटली त्यात. मी तर झाकण उघडताना श्वास घेणंच सोडलंय."

ताईने दांडा दाबला. डबा डुलत डुलत वर आला, जरा थबकला आणि परातीवर उपडा झाला. बर्नर फुसफुसला, मग निळा झाला. पंप गुरगुरला. फवारा आतून फिरू लागला, आणि परातीच्या कडेने पांढरी, ऊबदार, जाड वाफ निघून गाडीभर पसरली.

त्या वाफेत ताई शिरली ती थेट लहानपणात.

बाबा संध्याकाळी गाडी दाराशी लावायचे, कनात गुंडाळायचे आणि आइस्क्रीमचे रिकामे उभट डबे उतरवायचे. ते धुणं मुलांचं काम. मोरीत कढत पाण्याचं पातेलं ठेवलेलं, तिच्यासाठी. तिला हातात पकड देऊन बाबा म्हणायचे, "जपून गं, राणी." डबा तिच्याकडे यायचा, ती पाणी ओतायची आणि वाफेत सगळं हरवून जायचं: भिंत, दिवा, बाबांचे पाय. फक्त डबा हळूहळू आरसा होत जायचा आणि त्यात एक लांबुळकं, डोळेच डोळे असलेलं तोंड उगवायचं. ते तिचंच. बारक्या दाराबाहेर बादली घेऊन काहीबाही खुडबुडत असायचा. पाण्याची चुळुकचुळुक ऐकू यायची. वाफेआडून तो कधी नीट दिसलाच नाही. तिला वाटायचं, जगात एवढंच आहे, आपण आणि ही ऊब, आणि हे असंच चालत राहील.

"ई गं बाई!"

ताई दचकली.

काकूंनी पदर नाकाला लावला होता. बारक्या गाडीतून उडी मारून बाहेर गेला होता. वाफ आता गल्लीत उतरत होती आणि तिच्याबरोबर एक वास उतरत होता. नुसता वास नाही, अख्खं वासांचं कुटुंब बिऱ्हाडासकट आलं होतं. समोरची खिडकी बंद झाली, मग वरची, मग कोपऱ्यावरची. कुणीतरी आतून ओरडलं, "काय मेलंय का तिकडे?"

"अगं," काकू पदराआडून म्हणाल्या, "आधी नुसता वास होता. आता शिजला!"

ताईने पंप बंद केला. डबा सरळ केला. आतून तो चमकत नव्हता. तळाशी, कडांना, पिवळट पापुद्रा धरला होता. काकूंनी वाकून, डोळे मिटून, पट्टीच्या गवयाने सूर लावावा तसा श्वास आत घेतला.

"करपलेलं दूध," त्या म्हणाल्या. "बसलंय चिकटून. वास गेला नाही, पोरी. खोटं कशाला बोलू? माझाच डबा आहे, मलाच न्यायचाय."

जिंकलेल्या माणसाने हसायला हवं होतं, पण बारक्या नुसता कपाळावरचा चष्मा वरखाली सरकवत उभा राहिला.

ताईने डब्यात हात घातला. पापुद्र्यावरून बोटं फिरवली, आणि बोटं थांबली. हा पापुद्रा त्यांच्या ओळखीचा होता. एकदा, एकदाच, बारक्या तापाने फणफणला होता आणि ती एकटी धुवायला बसली होती. त्या दिवशी डबे असेच निघाले होते, पिवळे, चिकट, कितीही कढत पाणी ओतलं तरी आणखी चिकट. ती रडली होती. बाबा आले, त्यांनी डबा पाहिला आणि हसून म्हणाले, "आज तुझा जोडीदार नव्हता ना." तिला वाटलं होतं, ते आपली समजूत काढतायत.

"बारक्या," ती हळूच म्हणाली, "तू काय करायचास रे? दाराबाहेर, बादली घेऊन?"

"कधी?"

"आइस्क्रीमचे डबे धुताना."

"काय करायचो म्हणजे? गार पाणी मारायचो. आधी गार पाण्याने दूध सोडवायचं, मग डबा तुझ्याकडे. आधीच कढत ओतलं तर दूध बसतं चिकटून. बाबा सांगायचे की. तुला काय वाटायचं?"

"मला वाटायचं, तू खेळतोयस."

बारक्याचं तोंड उघडं राहिलं. "खेळतोय? अगं बादल्या ओढून ओढून खांदे निखळायचे माझे! थंडीत बोटं अशी लाल व्हायची, माहितीये? सगळा चिकटा मी काढायचो, आणि आरसा झाला की बाबा तुला म्हणायचे वा राणी! आणि बाई म्हणतायत, खेळत होतो!"

"मला दिसायचंच नाही रे. वाफ असायची."

"तुला वाफ असायचीच. अजून आहे."

काकूंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि आपल्या डब्याच्या झाकणावर हात ठेवून ठाण मांडून उभ्या राहिल्या. नेण्याची घाई एकाएकी संपली होती.

ताईने गाडीत पाहिलं. टाकी, टाकीतून पंप, पंपातून बर्नर, बर्नरमधून फवारा. एकच वाट, आणि ती थेट कढत पाण्याकडे. एवढी यंत्रं निवडली, एवढी मांडामांड केली, रात्री अंथरुणात डोळे मिटून हजारदा डबे धुतले, आणि प्रत्येक वेळी फक्त स्वतःच्या वाट्याचंच अर्धं काम केलं. गार पाण्याला तिने वाटच ठेवली नव्हती. कारण ते काम तिचं कधी नव्हतंच.

"पैज मी हरले," ती म्हणाली. आवाज साधा होता, पण हात अजून डब्याच्या कडेवर होता, झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर असावा तसा. "शब्द म्हणजे शब्द. तो आला की दे गाडी."

तो आलाच होता. कॉफीवाला फाटकातून आत येत होता, सडपातळ, स्वच्छ शर्टाचा, हसतमुख, आणि चौथ्या पावलाला हसू जरा आखडलेला. तरी बिचारा सभ्य होता. नाक न धरता त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, कनातीच्या पट्ट्यांवरून हात फिरवला, खिडकीची फळी वरखाली केली. अंगणातल्या तळ कापलेल्या फ्रीजरकडे पाहून तो थोडा हळहळला.

"फ्रीजर काय, दुसरा बसवता येईल," तो म्हणाला. "पण ही खिडकी फार गोड आहे हो. मी गाडी आहे तशी घेतो. आतलं सामान तेवढं काढून द्या."

ताई एका बाजूला सरकली. ठरल्याप्रमाणे चकार शब्द काढला नाही. वाफ विरत चालली होती आणि तिच्या मागे उन्हात गाडीची खिडकी दिसत होती, लहानपणी होती तेवढीच. लहानपणी त्या खिडकीतून बाहेर बघताना सगळी गल्ली पट्ट्यापट्ट्यांची व्हायची, लाल पिवळी, लाल पिवळी, आणि त्या रंगांतून पोरांचे हात वर यायचे. ती पट्टे मोजत राहिली. तिला एवढंच हवं होतं की पट्टे संपायच्या आत कुणी काही ठरवू नये.

बारक्या गाडीत चढला होता. पंपाजवळ उकिडवा बसून त्याने पाइपवर अंगठा ठेवला, मग एक वीत पुढे, बर्नरच्या अलीकडे, तिथे परत ठेवला. नखाने तिथे एक ओरखडा काढला. बर्नरकडे पाहिलं, फवाऱ्याकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. त्यातले "गार पाण्याचा फाटा" एवढेच शब्द काकूंना ऐकू आले, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"साहेब?" कॉफीवाल्याने आत डोकावून विचारलं. "मग काय ठरलं? कधी नेऊ गाडी?"

बारक्या उतरला. काळा चष्मा कपाळावरून काढून त्याने ताईच्या हातात दिला. फ्रीजरमागे एक जुनी बादली पालथी पडली होती, ती उचलली, काकूंच्या हाताखालून त्यांचा डबा ओढून घेतला, आणि एका हाताने बादली झुलवत, दुसऱ्या हाताने डबा ढकलत, कॉफीवाल्याच्या अगदी जवळून, तो नळाकडे निघून गेला.