नाल्याच्या अलीकडचं गवत

चहाचा घोट गिळून घ्या आधी, मग सांगतो. ही फजिती ऐकताना एकाला ठसका लागला होता, उगाच माझ्यावर आळ नको. आणि हसायचं तर मोकळं हसा. आमच्या गावानं मला हसायला कधी परवानगी मागितली नाही.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या जोडीनं नागपुरातून चालायचा. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. त्या डोंगरावर आमचे आजेपणजे गुरं चारत, मोहफुलं वेचत, नांगराला लाकूड आणत. मग जंगलखात्यानं दगडांचे मुनारे रचून हद्द आखली आणि बजावलं, आतलं पातंसुद्धा तोडायचं नाही. चुकून एखादी गाय आत गेली की नाकेदार, म्हणजे जंगलाचा शिपाई, तिला थेट कोंडवाड्यात घालायचा.

त्या साली पाऊस मधेच पळाला. ज्वारी करपली, कडबा झालाच नाही. दावणीला बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि वर डोंगरात गवत नुसतं वाळत उभं. सरकार ते कापत नव्हतं आणि आम्हाला कापू देत नव्हतं. मग माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

पारावर बैठक बसली. मला बोलायची हौस भारी. उठलो आणि म्हणालो, "गवत डोंगरानं देल्लं. सरकारनं पेरलं का? मंग सरकार राखते काऊन? उद्या चला इळे घेऊन. धरू द्या आपल्याले."

गाव असं पेटलं की मीच जरा दचकलो. शेजारचा मुसाभाई पिंजारी बोलायचा कमी, तोही म्हणाला, माह्या बकऱ्या काय हवा खाऊन जगतील, मीही येतो. माझी बायको गंगू आणि बाकीच्या बाया भाकरी बांधून मागून येणार असं ठरलं.

सकाळी मी पुढं, गाव मागं. नेहमीची वाट नाकेदाराच्या चौकीवरून जायची, म्हणून मी सगळ्यांना डोंगराला वळसा घालून मागच्या अंगानं नेलं. तिकडं एका उतारावर दगडांचा ढीग दिसला आणि त्याच्यापुढं पिवळंधमक गवत. हाच मुनारा, हीच हद्द. मी ढिगावर चढलो, भाषण ठोकलं आणि पहिला विळा मीच चालवला.

थोड्या वेळात नाकेदार आलाच. मी छाती काढून त्याच्यापुढं दोन्ही हात धरले आणि म्हणालो, लाव बेड्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, गवताकडं पाहिलं आणि एका दगडावर बसून बिडी पेटवली.

"कापा ना," तो म्हणाला. "मी कोण अडवणारा?"

काय वाटलं असेल मला, सांगा बरं! मी लोकांना ओरडून सांगितलं, सरकार नमलं, आता मुळापासून कापा. मग काय, विळ्यांना नुसता जोर चढला. पेंढ्यांवर पेंढ्या पडल्या. नाकेदार शांतपणे धूर सोडत बसलेला. तो हसतोय हे मला दिसत होतं, पण मी समजलो, हा मनातून आपल्याच बाजूचा.

तेवढ्यात खालून एक म्हातारा काठी आपटत, धापा टाकत वर आला. ऊन माझ्या डोळ्यांवर. हा चौकीवरचाच कोणी असणार असं धरून मी दुरूनच दरडावलं, "थांब तेथीच. बापाची जहागीर हाय का तुह्या?"

म्हातारा थांबला. दम घेतला.

"बापाचीच हाय, जवाईबापू," तो म्हणाला. "माह्या."

माझा सासरा!

आता सासुरवाडी डोंगरापलीकडं आहे हे मला माहीत का नव्हतं? होतं. पण मी तिथं जायचो ते धुतलेलं धोतर नेसून, बैलगाडीच्या रस्त्यानं, पुढच्या दारानं. सासऱ्याच्या गवताच्या रानाची मागची बाजू कोणता जावई बघतो? आणि तो मुनारा म्हणजे त्यांनी शेतातून वेचून टाकलेले दगड. खरी हद्द खाली नाल्याच्या पलीकडं होती.

सारं गाव विळे हातात धरून माझ्याकडं बघत होतं. नेमक्या त्याच वेळी गंगू भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन पोचली. तिनं बापाचं भादरलेलं रान पाहिलं, मला पाहिलं. गाठोडं खाली ठेवलं, माझ्या हातातला विळा काढून घेतला आणि नाकेदाराला विचारलं, "सरकारचं गवत कोठून सुरू होते, भाऊ?"

त्यानं सवयीनं नाल्याकडं बोट दाखवलं.

ती सरळ नाला उतरली. तिच्यामागं बाया, बायांमागं मुसाभाई, मग सगळं गाव. नाकेदारानं बिडी फेकली आणि धावला. सासऱ्यांनी एक विळा उचलला, मला म्हणाले, "कापलंच हाय तर अर्धं तुमच्या बैलांले न्या, अर्धं माह्या गोठ्यात टाका." आणि तेही नाल्यापलीकडं गेले.

दुपारपर्यंत चौकीवरचे सगळे शिपाई आले आणि गावाला धरून घाट चढवून बुलढाण्याला नेलं. मी मागं पळत सांगत होतो, मलाही धरा, पुढारी मी आहे. नाकेदार म्हणाला, "तुमचा गुन्हा घरातला हाय. सरकार त्यात पडत नाही."

गाव दबलं नाही. सुटून आलेले लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा नाला उतरायचे. शेवटी खातंच थकलं आणि डोंगराचा तेवढा तुकडा चराईला खुला झाला. पण त्याचं श्रेय मी कोणत्या तोंडानं मागू?

पहिल्यांदा गावाला धरून नेलं त्या संध्याकाळी मी भाकऱ्या घेऊन कोठडीपाशी गेलो. आत गाणी चाललेली, मुसाभाई ताल धरून बसलेला. गंगू गजांपाशी आली, भाकऱ्या घेतल्या आणि विचारलं, "बैलांले गवत टाकलं का?"

म्हटलं, "टाकलं."

"कोणाचं?"

म्हटलं, "तुह्या बापाचं."