केळीचा चीक

शहाद्याजवळच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये फण्या धुणाऱ्या बायकांची ती मुकादम. कोणतीही सूचना आली की ती "देखूत", म्हणजे बघू, म्हणते आणि हात चालूच ठेवते.

पावसाळ्यात चिकाच्या डागांमुळे माल परत येऊ लागला. आणखी एक गाडी परत आली तर काम बंद, असं मालकाने बजावलं. माल घेणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी भिंतीवर कामाच्या पायऱ्यांचा तक्ता लावला, तरी डाग थांबेनात. मग तिने कोणाला न विचारता फण्या धुण्याआधी पानांवर पालथ्या ठेवून त्यांचा चीक निथळू दिला. गाडी पास झाली.

ती पायरी छापलेला नवा तक्ता साहेबांनी उन्हाळ्यात आणला.

"हाई पावसाना दिवसनं शे," ती म्हणाली. "आते आम्ही दुसरं करी ऱ्हायनूत."

साहेबांनी पेन काढलं. "काय ते सांगा, मावशी."

"सांगीसन समजाव नही, साहेब. बाह्या वर करा."