किल्ली दिलेला विंगर

"तुझ्या आईनं आज आमच्या बिल्डिंगचा जिना नीट पुसला नाही. मॅच झाली की तू येऊन पुसून दे."

हे निनाद बोलला. आमचा कॅप्टन. अंबरनाथच्या मैदानामागे पत्र्याची खोली होती, तिथे मी खाली बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो. सगळी टीम हसली. एकाने नाकाला जर्सी लावली आणि म्हणाला, "मोरिवलीचा माल आहे, केमिकल कंपनीचा वास येणारच." मग निनादने माझी जात काढली. सहज, पाणी मागावं तशी.

मी त्याला मारायला उठलो, तेवढ्यात शिट्टी झाली. मैदानात गेलो तो आंधळा होऊनच. डावी विंग माझी. समोरचा फुलबॅक मला निनाद दिसायला लागला. बॉल आला की त्याला कापायचो आणि आत घुसायचो. हाफटाइमच्या आधीच दोन गोल. लोक लाइनवर नाचत होते. ते गोल मी मारले नव्हते, ओकले होते.

लाइनबाहेर खुर्ची टाकून आमचे साहेब बसले होते. एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. क्लब त्यांचा, कोण खेळणार आणि कोण बसणार हे तेच ठरवायचे. माणूस फार सभ्य. तोंडात कधी शिवी नाही, शर्टाला सुरकुती नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाळ, काय खेळलास आज!" मी हुरळून गेलो. घरी जाऊन आधी आईला हेच सांगितलं. साहेब आणि निनाद एकाच बिल्डिंगमध्ये राहायचे, आई तिथेच झाडलोट करायची. तिलाही धन्य वाटलं.

पुढच्या मॅचला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. कधी आई, कधी वडील. वडील कंत्राटी कामगार, केमिकलचे ड्रम धुवायचे. बोटं सोलवटून वाकडी झालेली. एकाने तशी बोटं वाकडी करून मला नमस्कार केला. प्रॅक्टिसला मात्र कुणी एक शब्द बोलत नसे. फक्त मॅचच्या आधी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

माझं नाव होत गेलं. बदलापूरहून, कल्याणहून लोक बघायला यायचे. अर्धे खेळ बघायला, अर्धे तमाशा बघायला. कारण तो राग शेवटची शिट्टी वाजली म्हणून थांबत नसे. रेफरीच्या अंगावर धावून गेलो. पाण्याची बादली लाथेने उडवली. एकदा गोल मारला आणि परत येताना स्वतःच्याच कॅप्टनच्या थोबाडीत दिली. रेड कार्ड, बंदी. मग साहेब माझ्या वतीने हात जोडायचे. "मुलगा गुणी आहे हो, पण तापट. घरची परिस्थिती तशी." आग यांनी लावायची आणि खापर माझ्या घरावर.

आमचा गोली हरेश, उल्हासनगरचा, बापाचं कपड्याचं दुकान. एका रविवारी त्याच्या गल्लीत आम्ही दाल-पकवान खात उभे होतो. तो म्हणाला, "भाई, एक बोलू? ये लोग जानबूझके करते हैं. साहेब बोलतात निनादला, याला किल्ली दे. मॅच के पहले. सबको पता है. तुलाच नाही."

पकवान तसंच टाकून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी साहेबांना मैदानावर गाठलं आणि तोंडावर विचारलं. वाटलं, नाही म्हणतील. ते हसले.

"बाळ, मी स्वतः तुला कधी वाईट बोललो? राग हे तुझं भांडवल आहे. शांत असलास की तू चारचौघांसारखा. फायनलला मुंबईच्या मोठ्या क्लबचा माणूस येतोय, खास तुला बघायला. आता तूच ठरव."

मी ठरवलं. गप्प बसायचं. मोठा क्लब म्हणजे पगार. पगार म्हणजे वडिलांचे हात त्या ड्रममधून बाहेर. आणि मलाही पटलं होतं की मी शिवीवरच चालतो.

फायनलच्या दिवशी मॅचच्या आधी कुणीच काही बोललं नाही. मी बूट घालून बसलो आणि वाट बघत राहिलो. शिवीची वाट. याची मला आजही किळस येते.

पहिला हाफ कोरा गेला. मुंबईहून आलेला पाहुणा जांभया देत होता. हाफटाइमला आम्ही लाइनपाशी बसून केळी खात होतो, आणि फाटकातून आई आत आली. अंगात बिल्डिंगने दिलेला निळा कोट, हातात गोणी. ती कधीच मैदानावर येत नसे. आमच्यासमोर वाकली आणि साली उचलायला लागली.

निनादने केळं संपवलं आणि साल तिच्या पायाशी टाकली.

"मावशी, हे राहिलं. आणि तुमच्या पोराला पण गोणीत घालून न्या."

पोरं हसली. हरेशने मान फिरवली.

मी झेपावणारच होतो. तेवढ्यात साहेबांकडे नजर गेली. ते आईकडे बघत नव्हते, निनादकडेही नाही. माझ्याकडे बघत होते. गॅसवर ठेवलेलं दूध कधी वर येतंय ते बघत उभं राहावं, तसे.

मी आईजवळ गेलो. "तुला कुणी बोलावलं?"

तिने मान वर केली नाही. "साहेबांनीच. पोरं काहीबाही बोलतील, मनावर घेऊ नका म्हन्ले. तुझं चांगलं व्हईल म्हन्ले. मला समदं म्हाईत हाये. तू जा, खेळ."

राग आला नाही. साहेबांची शिसारी आली, त्या हसणाऱ्या पोरांची आली. आणि माझ्या पायांची आली, ज्यांच्यासाठी माझी आई सगळं माहीत असून वाकली होती.

"आई, गोणी खाली ठेव."

तिने आधी साहेबांकडे बघितलं. मग ठेवली.

दुसरा हाफ सुरू झाला. बॉल माझ्याकडे आला. मी त्याच्यावर पाय ठेवला, थांबलो आणि हळूच लाइनबाहेर ढकलला. थ्रो-इन समोरच्यांना. पुन्हा आला, पुन्हा बाहेर. पब्लिक ओरडायला लागली. निनाद धावत आला, "अबे, पागल झाला काय?" पुढचा बॉलही बाहेर.

साहेब खुर्चीवरून उठले. लाइनवर येऊन ओरडले, "पळ!"

मी उभा.

आणि मग त्यांच्या तोंडून शिवी आली. माझी जात आणि माझी आई, एका दमात. अख्ख्या मैदानाने ऐकली. पाहुण्यानेही ऐकली आणि तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

मी साहेबांसमोर गेलो. म्हटलं, "एवढी स्वच्छ येते तुम्हाला. इतके दिवस दुसऱ्यांच्या तोंडून का देत होता?"

जर्सी काढून तिथेच टाकली आणि आईला घेऊन बाहेर पडलो.

मोठ्या क्लबमधून कधीच फोन आला नाही. आईचं काम गेलं. ती कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "मी सोसलं, ते तू मातीत घातलं." वडील दुसऱ्या दिवशी ड्रम धुवायला गेले, तसे अजून जातात. आणि साहेब आजही फायनलला पाहुणे म्हणून स्टेजवर बसतात. माझं नाव निघालं की हळहळतात. केवढा गुणी मुलगा, डोक्यापायी वाया गेला.

आता मी कंपनीत पॅकिंगला आहे आणि बदलापूरच्या एका छोट्या क्लबकडून खेळतो. पहिल्याच दिवशी तिथल्या कोचला सांगितलं, कुणाची आई काढली, कुणाची जात काढली, तर मी बूट काढून बाहेर बसेन. त्याला वाटलं गंमत आहे.

गेल्या महिन्यात चामटोलीला सेमीफायनल होती. समोरच्या टीमकडून एक कातकरी पोरगा खेळत होता, अंगाने किरकोळ पण सुसाट. आमच्या पोरांना तो आवरेना, तेव्हा त्यांनी त्याच्या वाडीवरून, त्याच्या आईवरून सुरुवात केली. आम्ही एका गोलने पुढे होतो, तो गोल माझा होता. मी लाइनवर बसलो आणि बूट काढले. कोचने माझा दंड धरला. "अरे, तुला कुठे कोण काय बोललं?"

मी दंड सोडवून घेतला. आम्ही ती मॅच हरलो. त्या पोराने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती.

लोक म्हणतात, पाय चांगला, पण नखरे फार. म्हणू देत. मला अजून खेळायचंय, गुडघे साथ देतील तोवर दर रविवारी. पण ज्या मैदानात माणसाची आई काढतात, तिथे मी एक पाऊल पळणार नाही. ती कुणाचीही आई असो, आणि स्कोर काहीही असो.