बाबांसाठी मागची सीट

गाडी मी विकत घेतली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. कुर्ल्याच्या गावठाणात एका ख्रिस्ती म्हाताऱ्याच्या अंगणात ती उभी होती. अस्सल विलायती, लढाईच्या आधीची. रंग विचारू नका, कोंबड्यांनी ठेवला नव्हता. म्हातारा म्हणाला, "इंजिन वाघासारखं आहे. फक्त झोपलंय." मी भाव पाडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानेच तो इतका पाडला की मला संशय यायला हवा होता. आला नाही. कारण मला गाडी नकोच होती. मला तिची मागची सीट हवी होती.

माझे बाबा एका कंपनीत साहेबाचे ड्रायव्हर. आधी गोरा साहेब, मग देशी साहेब. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, बाबांची जागा तीच, पुढे उजवीकडे. जन्मात कधी मागे बसले नाहीत. टॅक्सी केली तरी पुढे टॅक्सीवाल्याच्या शेजारी जाऊन बसायचे आणि त्याच्या प्रत्येक ब्रेकला स्वतःचा पाय दाबायचे. आता रिटायर होऊन ते आईला घेऊन कायमचे कोकणात निघाले होते. त्याआधी एकदा त्यांना मुलाच्या गाडीत मागे, पाय पसरून बसवायचं आणि कुर्ल्याच्या यस्टी डेपोपर्यंत न्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मला गाडी चालवता येत नव्हती, पण ती बारीक गोष्ट. गाडी चालू झाली की बाबाच शिकवतील, असा माझा हिशेब.

हातगाडीवाल्यांनी ओढून ती घाटकोपरला, टेकडीखालच्या आमच्या चाळीसमोर आणून टाकली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, फडकं मागितलं आणि पुसायला घेतली. मी बॉनेट उघडून म्हटलं, "बाबा, बघा ना जरा."

बाबा दोन पावलं मागे सरले. "मी गाडी चलवलंय रे, फाडूक नाय. बॉनेट उघडूचा काम मेकॅनिकाचा."

मग शेजारचा फिटर पुढे आला. विक्रोळीला साबणाच्या कारखान्यात होता.

"जमेल ना रे?" मी विचारलं.

"मशीन म्हणजे मशीन, यार. साबण काढो नाहीतर धूर."

त्याने सगळं इंजिन सोडवलं. सुटे भाग रॉकेलने धुऊन आम्ही गॅलरीत पापडांसारखे वाळत घातले. त्यातली एक नळी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी स्टोव्हला लावली. ती परत मिळाली नाही, पण त्यांचा स्टोव्ह असा पेटायचा की मुलुंडपर्यंत उजेड. इंजिन जोडून झाल्यावर ते चालू करायचं हँडल मारायला तर चाळ रांग लावायची. ते मधेच उलटं फिरायचं आणि माणसाला फेकून द्यायचं. मी एकदा एवढा उंच गेलो की कांदिवलीच्या मावशीची गच्ची दिसली. धुणं वाळत होतं. गाडी एकदाच चालू झाली, चहाचा घोट गिळेपर्यंत. चाळीत पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच बंद पडली.

निघायचा दिवस उजाडला. गाडी गप्प. फिटर म्हणाला, "आतून सगळं बरोबर आहे. बाहेरून कळत नाही इतकंच."

"मी टॅक्सी आणतो," मी म्हटलं.

"टॅक्सी कशाला? ढकलू की. कुर्ल्यापर्यंत उतारच आहे."

उतार कसला. पण माझ्या डोळ्यांसमोर मागची सीट होती. ट्रंका टपावर बांधल्या आणि मी मागचं दार उघडून उभा राहिलो. "बसा, बाबा."

"आणि ष्टेरिंग कोण धरतलो?" बाबांनी विचारलं.

मी फिटरकडे पाहिलं. फिटरने ढकलायला जमलेल्या चाळकऱ्यांकडे पाहिलं. चाळीस बिऱ्हाडांत स्टेअरिंग धरलेला माणूस एकच. बाबांनी माझ्या हातातलं दार घेतलं, आईला मागे बसवलं, दार हळूच लावलं आणि वळसा घालून पुढे, उजवीकडे जाऊन बसले. मी मागे जाऊन खांदा लावला.

मागची काच केव्हाच गेली होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. आई इतकी वर्षं ड्रायव्हरची बायको, पण नवऱ्याच्या गाडीत बसायची ही पहिलीच खेप. बाबांनी आरसा नीट केला.

"खंय घेव गाडी, बाईसाहेब?"

"गप चलवा," आई म्हणाली. "यस्टी चुकतली."

आम्ही दहा-बारा जण बैलांसारखे फुरफुरत होतो. बाबा मात्र रस्ता मोकळा असला तरी हात बाहेर काढून वळण दाखवत होते. त्यांनी हॉर्न दाबला की वाजायचा नाही, मग फिटर मागून "पों" करायचा. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. एक म्हैसही गेली.

डेपोत बाबांनी गाडी दोन यस्ट्यांच्या मधे अशी लावली की कंडक्टर बघत राहिला. उतरून त्यांनी आईचं दार उघडलं. ट्रंका चढवून झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी बरी आसा. ष्टेरिंग झकास."

मला म्हणायचं होतं, एकदा मागे बसा ना, उभ्या गाडीत का होईना, घडीभर. ते ओठांवर येईपर्यंत कंडक्टरने घंटी मारली.

यस्टी गेली. ढकलणारे एकेक करून पांगले. फिटरची दुसरी पाळी होती, "संध्याकाळी बघू रे," म्हणून तोही गेला. माझ्या मागे दुसरी यस्टी येऊन हॉर्न देऊ लागली. मी दार उघडून आत बसलो. मागेच बसलो, पुढे बसून करणार काय?

यस्टीवाला खाली उतरून खिडकीशी आला. "ओ साहेब, गाडी काढायला सांगा. ड्रायव्हर कुठाय तुमचा?"

"कोकणात गेलेत," मी म्हटलं.